नाताळला पोरं घरी जावीत

परदेशातल्या अनाथाश्रमात मुलांबरोबर नाताळ घालवावा असं ज्यांच्या मनात येतं, त्यांनी विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या संस्थेला एक प्रश्न विचारावा. पंचवीस डिसेंबरला तुमच्याकडे किती मुलं असतील? ‘सगळी’ असं उत्तर आलं तर जरा थांबावं. ‘साठातली वीस-बावीस, बाकीची गावी जातात’ असं आलं तर तिथली माणसं आपलं काम नीट करताहेत असं समजायला हरकत नाही.

मी इथे केनियाबद्दल, त्यातही मोम्बासाच्या किनाऱ्याबद्दल लिहितो आहे. नाशिकच्या माणसाने त्याच मुलखाचा विचार का करावा, ते पुढे येईलच. तिथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात संपतं. त्यामुळे डिसेंबर हा गावी जायचा महिना. शहरात नोकरी करणारी माणसं पिशव्या, गाद्या, कोंबड्या घेऊन बसला लटकतात आणि भाडी एकदम चढतात. पेठ-सुरगाण्याची वसतिगृहात राहणारी मुलं दिवाळीच्या सुटीत पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटी स्टँडवर उभी असतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सण आला की माणूस घरी जातो. अनाथाश्रमातल्या मुलालाही घर असतं, आणि ही गोष्ट बाहेरून येणाऱ्या पाहुण्याच्या बहुधा लक्षातच येत नाही.

जगभरच्या अनाथाश्रमांतल्या दर पाच मुलांपैकी निदान चार मुलांची आई किंवा वडील हयात आहेत, असा अंदाज ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ साली मांडला होता. मग ती मुलं तिथे का असतात? कुठे फी भरता येत नाही, कुठे आई आजारी आहे, कुठे बापाने दुसरं लग्न केलंय, कुठे आजीच्या पदरी आधीच पाच नातवंडं आहेत. आणि काही ठिकाणी याहून वाईट कारण असतं: पाहुणे येतात म्हणून मुलं आणली जातात. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा निवासी संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. देशात अनाथ काही तेवढे वाढले नव्हते, पर्यटक आणि देणग्या वाढल्या होत्या. नेपाळमधल्या नोंदणीकृत बालगृहांपैकी बहुतेक काठमांडूचं खोरं, पोखरा आणि चितवन या भागांत एकवटलेली आहेत, म्हणजे जिथे प्रवासी उतरतात तिथेच. ऑस्ट्रेलियाने २०१८ सालच्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची ने-आण हा गुलामगिरीचाच एक प्रकार मानला. केनियाने २०१७ मध्ये नवीन बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे नेण्यासाठी २०२२ ते २०३२ असं दहा वर्षांचं धोरण आखलं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की परदेशातल्या अनाथाश्रमात नाताळसाठी जे पैसे आणि जे कष्ट खर्च करायचे, त्यातला मोठा वाटा जी मुलं घरी जाऊ शकतात त्यांना घरी पोचवण्यावर लागावा. उरलेला वाटा ज्यांना जायला खरंच कुणी नाही त्यांच्यासोबत बसण्यावर. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं.

आता नाशिकचा संबंध. शरणपूर रोड आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. ज्या शरणपुरावरून त्याचं नाव पडलं ती वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. तिथे अनाथ मुलं होती, शाळा होती, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवायची सोय होती, आणि तिथे आफ्रिकेतली मुलंही होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम वाहून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडायचं. त्यातून सोडवलेली माणसं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली बरीच मुलं-मुली नाशिकला शरणपुरात यायची. त्या पोरांच्या दृष्टीने परदेशातला अनाथाश्रम म्हणजे आपलं नाशिक होतं. त्यांचे कितीतरी नाताळ इथे गोदावरीकाठच्या थंडीत गेले असणार.

या मुलांना पुढे जगभर ‘नासिक बॉईज’ म्हणून ओळखलं गेलं. स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ साली शेवटच्या मोहिमेवर आफ्रिकेच्या किनाऱ्याला उतरला तेव्हा त्याच्यासोबत नऊ नाशिककर तरुण होते. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी काही जण गेले, त्यात जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा आणि झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरणारा हा जेकब. किनाऱ्यापर्यंत शव वाहून नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढे बोटीने इंग्लंडपर्यंत शवासोबत तोच गेला. मोम्बासाजवळ १८७४-७५ च्या सुमारास मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वस्ती उभी राहिली, ती उभारणारे विल्यम सॉल्टर प्राइस हे शरणपुराचेच जुने मिशनरी. वस्तीला नाव मिळालं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं. आणि तिथे शिक्षक, लोहार, सुतार म्हणून पुढे आलेली माणसं शरणपुरात वाढलेली. गुलामांचे व्यापारी येताहेत असं कळवण्यासाठी वाजवायची ती घंटा त्या भागात अजून जागेवर आहे.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक छोटीशी नोंद. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत १८६६ सालची ती आहे. मोहिमेतल्या अब्राहम नावाच्या नाशिककर तरुणाला वाटेत एका गावी त्याचा सख्खा काका भेटला. आई आणि दोन बहिणी आपल्यामागून विकल्या गेल्या, हे त्याला तिथे कळलं. काकाने राहायचा आग्रह केला, लिव्हिंगस्टननेही सांगून पाहिलं. अब्राहम राहिला नाही.

कोणालाही सहज प्रश्न पडेल, की काका मिळूनही तो का राहिला नाही? मला वाटतं, फार उशीर झाला होता. संस्थेत वाढलेल्या मुलाचं नातेवाइकांशी नातं वर्षानुवर्षं तुटलेलं राहिलं, की मग अचानक भेटलेला काका हा एक अनोळखी माणूस असतो. जेकब वेनराइट हे नावही त्याचं जन्माचं नव्हतं. त्या काळात साधन नव्हतं, समुद्र आडवा होता, गावं जाळली गेली होती. आज तसं नाही. आज फाइल असते, फोन असतो, बस असते. डिसेंबरच्या सुटीत दोन-तीन आठवडे आजीकडे राहून आलेलं मूल अठराव्या वर्षी संस्थेबाहेर पडतं तेव्हा त्याला कुठल्या दारावर थाप द्यायची ते ठाऊक असतं.

हे घडवायचं कसं, ते आता नीट सांगतो.

संस्थेशी बोलणं सप्टेंबरातच सुरू व्हायला हवं. नातेवाइकांकडे मूल पाठवायचं तर समाजसेवक आधी तिथे जाऊन बघतो: घरात कोण आहे, मूल संस्थेत का आलं होतं, ते कारण अजून आहे का. मारहाणीतून किंवा अत्याचारातून सोडवलेलं मूल ‘सण आहे’ म्हणून त्याच घरात पाठवणं हा गुन्हाच समजावा. हा निर्णय संस्थेचा आणि तिथल्या सरकारी बाल अधिकाऱ्याचा. पाहुण्याने त्यात नाक खुपसू नये, ‘ह्याला पाठवा, त्याला पाठवा’ म्हणू नये. आपलं काम खर्च उचलण्याचं. आणि इथेच देणगीदार चुकतात. मुलाचं भाडं देतात, पण सोबत जाणाऱ्या समाजसेवकाचं जाण्या-येण्याचं भाडं, त्याचा मुक्काम आणि आधीच्या भेटीचा खर्च कोणी धरत नाही. मोम्बासाहून पश्चिमेला किसुमूकडे जायचं तर अंतर आठशे किलोमीटरच्या वर, रात्रभराची बस. एका मुलामागे एकेरी तीन भाडी धरावीत: एक मुलाचं, दोन मोठ्या माणसाची. परत आणताना पुन्हा तीन. एकाच दिशेची तीन-चार मुलं एका सोबत्याबरोबर गेली तर खर्च बराच उतरतो, म्हणून गावांची यादी संस्थेकडून आधी जुळवून घ्यावी.

वीस डिसेंबरनंतर भाडी कधीकधी दुपटीवर जातात आणि गाड्या भरून वाहतात. त्यामुळे मुलं शाळा संपल्यावर पहिल्या पंधरवड्यातच निघालेली बरी. परतीचं तिकीट त्याच वेळी काढावं. ते राहिलं की जानेवारीत मूल आठवडाभर उशिरा येतं, शाळेत नाव कमी होतं, आणि पुढच्या वर्षी संस्था म्हणते, नको ती भानगड.

मूल रिकाम्या हाताने जाऊ नये. खाणारं आणखी एक तोंड म्हणून ते दारात उभं राहिलं तर मावशी कितीही मायेची असली तरी तिच्या कपाळावर आठी येणारच. मक्याचं पीठ चार किलो, तांदूळ दोन किलो, साखर दोन किलो, तेल एक लिटर, चहापत्ती पाव किलो, मीठ आणि धुण्याच्या साबणाची एक लांब वडी. एवढ्यात तीन आठवड्यांचं सगळं भागत नाही, पण मुलाचा मान राहतो. ही पिशवी मोम्बासातून बांधून पाठवू नये. ती दहा किलोंच्या आसपास जाते, बसवर चढवणारा वेगळे पैसे मागतो, वाटेत पीठ सांडतं, चोरी होते. नातेवाइकांच्या गावाजवळच्या दुकानात सोबत्याने तेच सामान घ्यावं आणि पैसे मोबाइलवरून, तिथल्या एम-पेसावरून, संस्थेने थेट दुकानदाराला द्यावेत. केनियात २००७ पासून ही सोय आहे, आणि खेड्यातली टपरीसुद्धा ती घेते. पावतीचा मेसेज फोनवर राहतो, हिशोब स्वच्छ होतो.

आता मागे राहिलेली मुलं. यांच्याबरोबर नाताळ करायला जायचं असेल तर चौघांपेक्षा जास्त जण जाऊ नयेत. वीस मुलांसमोर पंधरा पाहुणे उभे राहिले की त्याचं संमेलन होतं. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून संस्थेने मागण्याआधीच पाठवावं. जी संस्था काहीही न तपासता अनोळखी माणसाला मुलांमध्ये सोडते, तिच्या दारातून परत फिरावं. पैसे भरा आणि मुलांच्या शेजारच्या खोलीत राहा, असं आमंत्रण देणाऱ्या संस्थेत तर पाऊलही टाकू नये. मुक्काम बाहेर, आणि भेट रोज तीन-चार तासांची.

कागदपत्रांत एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. केनियातून परत येताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात. ती सरकारमान्य केंद्रावर, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, तेव्हा गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. केनियाचा प्रवेश परवाना जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन काढतात. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवान्यावर तिथे काम करता येत नाही, बिनपगारी सेवा असली तरी. त्यामुळे ‘शिकवायला’ म्हणून जाऊ नये. पाहुणे म्हणून जावं आणि पाहुण्यासारखं वागावं.

सामानातही नाशिकच्या सवयी आड येतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते, म्हणून विणलेल्या टोप्या आणि स्वेटर गोळा केले जातात. मोम्बासात त्या दिवसांत पारा तिशीच्या वर आणि हवा घामट. जुने कपडेही नकोत. तिथे परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे बाजारच्या बाजार आहेत, मितुंबा म्हणतात त्यांना, आणि त्या मुलांच्या अंगावर वर्षभर तेच असतात. भेटवस्तू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून तर मुळीच नेऊ नयेत. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या घ्याव्यात.

भेट म्हणून काय द्यावं? जानेवारी. म्हणजे शाळा उघडताना जे लागतं ते. काळे बूट, मोजे, दप्तर, कंपासपेटी, वह्या, गणवेश. केनियात नाताळानंतरचा जानेवारी हा कडकीचा महिना म्हणून कुप्रसिद्ध आहे आणि संस्थांचाही हात तेव्हाच सर्वांत आखडलेला असतो. बुटासाठी वय विचारून उपयोग नाही. मुलाला कागदावर उभं करून टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्यायला संस्थेला सांगावं, त्यात एक सेंटिमीटर मिळवावा. खरेदी तिथल्याच बाजारात करावी. वस्तू सगळ्यांना सारखी, पण रंग ज्याचा त्याने निवडावा. आणि प्रत्येकीवर त्या मुलाचं नाव लिहिलेलं असावं, तिथे जसं लिहितात तसं, स्पेलिंग संस्थेच्या यादीशी ताडून. संस्थेत बहुतेक गोष्टी सामाईक असतात, आणि स्वतःचं नाव असलेली वस्तू तिथे फार मोठी असते. खेळ सगळ्यांत मिळून: तीन फुटबॉल, एक पंप आणि चार सुया. सुई नसेल तर फुटबॉल पंधरा दिवसांत कोपऱ्यात जातो. सेलवर चालणारी खेळणी नकोत, आणि चार-पाच वर्षांची मुलं असतील तर फुगेही नकोत, फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकतो.

नाताळचं खाणं बाहेरून मागवू नये. चोवीस-पंचवीसला तसंही दोन-तीन ठिकाणचे केक येऊन पडतात, मुलं दुपारपर्यंत ओकतात, आणि अठ्ठावीस तारखेला पुन्हा उकडलेला मका आणि राजमा. त्यापेक्षा बावीस-तेवीसला मुलांबरोबर काहीतरी करावं, जे महिनाभर पुरेल. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळे, चिवडा असा फराळ होतोच. तिथे नेण्यासारखं त्यातलं सर्वांत सोपं म्हणजे शंकरपाळे. ओव्हन लागत नाही, पंचवीस हात कामाला लागतात, आणि मुलांना प्रकार परका वाटत नाही, कारण किनाऱ्यावर घरोघर माहाम्री तळतात. नारळाचं दूध आणि वेलची घातलेल्या मैद्याच्या त्रिकोणी पुऱ्याच त्या. मोठ्या मुलींना माहाम्री उत्तम येते. त्यांनी ती आपल्याला शिकवावी आणि आपण त्यांना शंकरपाळे.

दोन किलो मैद्याला साखर सहाशे ग्रॅम, तूप सहाशे ग्रॅम, दूध साडेसहाशे मिलिलिटर, एक चमचा मीठ, दहा-बारा वेलदोडे. तुपाला तिथे साम्ली म्हणतात आणि ते मिळतं. दूध, साखर, तूप एकत्र तापवून साखर विरघळली की उतरवावं. पूर्ण कोमट होऊ द्यावं. घाई करून गरम मिश्रणात मैदा भिजवला की शंकरपाळे दगडासारखे होतात. मैदा बसेल तेवढाच घालावा, शंभर-दीडशे ग्रॅम बाजूला ठेवून. तिथल्या पिठाचा कस वेगळा असतो, पाणी कमी-जास्त ओढतो. अर्धा तास झाकून ठेवून जाडसर लाटावं. आधी दोनच शंकरपाळे तळून पाहावेत. तेलात विरघळून फेस आला तर तूप जास्त झालंय, राखून ठेवलेला मैदा मळावा. बाहेरून लाल आणि आत कच्चे राहिले तर तेल फार तापलंय. तिथे बहुतेक कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक होतो आणि कोळशाची आंच पटकन कमी करता येत नाही, म्हणून कढई उतरवायला एक माणूस कायम जवळ हवा. शेगडीभोवती मीटरभर अंतरावर खडूने रेघ मारावी आणि तिच्या आत मुलांनी यायचं नाही. बारा वर्षांपुढच्यांनी लाटायचं, सात-आठ वर्षांच्यांनी कातण्याने कापायचं, त्याहून लहानांनी कागदावर मांडायचं. मोम्बासाच्या दमट हवेत उघडे राहिले तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. चिवडा नेला तर हिरवी मिरची अजिबात घालू नये, आणि शेंगदाणे चालत नाहीत असं कोणी आहे का ते विचारून घ्यावं.

पंचवीसचं जेवण म्हणजे पिलाऊ. पंचवीस मुलं आणि पाच-सहा मोठी माणसं धरून तांदूळ साडेतीन किलो आणि बकऱ्याचं मटण चार किलो पुरतं, सोबत कांदा-टोमॅटोची कचुंबारी. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, संस्थेतली काही मुलं मुसलमान असू शकतात. मटण हलाल घ्यावं म्हणजे एकाच पातेल्यात सगळे जेवतात. प्रार्थनेला कोण जाणार आणि कोण नाही, हे संस्थेचं तिने ठरवावं. गाण्यासाठी मुलांना ओळीने उभं करायला सांगू नये. पाहुण्यांसाठी नाचून दाखवणं हे त्या मुलांच्या वर्षभराच्या कामांपैकी एक काम झालेलं असतं. सणाच्या दिवशी तरी त्यातून त्यांची सुटका व्हावी.

स्वयंपाक मात्र आपण करावा, भांडी आपण घासावीत. यामागे कारण आहे. मुलांना सांभाळणाऱ्या तिथल्या मावश्यांनाही स्वतःची मुलं असतात आणि नाताळ त्यांचाही असतो. खर्चात जादा पगाराची तरतूद केली आणि पाळ्या लावून प्रत्येकीला एक पूर्ण दिवस घरी जाऊ दिलं, तर ती दुसऱ्या दिवशी ताजी होऊन येते. जी मावशी कामावर असेल तिला पातेल्यापासून मोकळं करावं, म्हणजे ती मुलांत बसेल. लहान मुलं तिच्या मांडीवर असायला हवीत, पाहुण्याच्या नव्हे. दारात पाय ठेवताच तीन वर्षांचं पोर धावत येऊन गळ्यात पडतं, तेव्हा पाहुण्याचे डोळे भरून येतात. पण घरात वाढणारं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाला पाहून आईमागे लपतं. कुणाच्याही गळ्यात पडणं ही संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये संशोधकांना वारंवार दिसलेली गोष्ट आहे, आणि दर सुटीत नवी माणसं येऊन जीव लावून निघून गेल्याने ती वाढते. त्या पोराला झिडकारू नये. खाली बसावं, त्याच्या उंचीवर यावं, दोन शब्द बोलावेत आणि हात धरून मावशीकडे न्यावं. पहिल्याच दिवशी सांगावं, आम्ही सव्वीस तारखेला जाणार. निघताना लपून निघू नये. ‘पुढच्या वर्षी येतो’ हे वाक्य उच्चारू नये. पुढच्या वर्षी खरंच आलात तर आलात. ‘तुझे आईवडील कुठे आहेत’ हेही विचारू नये, त्याचं उत्तर फाइलमध्ये आहे आणि ते त्या मुलाचं आहे. फोटो काढू नयेत. भारतातला बालन्याय कायदाही अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतो, आणि देश बदलला म्हणून सभ्यता बदलत नाही.

मागे राहिलेल्यांत सोळा-सतरा वर्षांचे मुलगे-मुली असतात. त्यांना शंकरपाळ्यांत रस नसतो, फुटबॉलमध्ये थोडा असतो, आणि पाहुणे त्यांच्याकडे क्वचितच वळतात. खरं तर तुम्ही सुतार, इलेक्ट्रिशियन, नर्स, शेतकरी, दुकानदार असाल तर तुमचा सर्वांत जास्त उपयोग यांनाच. शरणपुरात शिकलेली लोहारकी पुढे फ्रीअरटाउनात पोटाला आली. यांनाही तेच हवंय. दुपारी तासभर सावलीत बसून, तुमच्या धंद्यात सुरुवातीला काय पगार मिळतो, भांडवल किती लागतं, काय बुडतं, हे सरळ सांगावं. त्यांच्या परीक्षेच्या किंवा प्रशिक्षणाच्या फीचा प्रश्न असेल तर तो संस्थेमार्फत सोडवावा, हातात नोटा देऊन नव्हे.

पैसे पाठवण्याबद्दल थोडं. व्यक्तीला भारतातून परदेशी संस्थेला देणगी रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली बँकेमार्फत पाठवता येते, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. त्यावर आयकरात देणगीची सूट मिळत नाही. आपल्या ओळखीच्या नोंदणीकृत न्यासाने परदेशात खर्च करायचा म्हटलं तर त्याच्या करसवलतीवर परिणाम होतो, तेव्हा सनदी लेखापालाला आधी विचारावं. रोख डॉलर खिशातून नेऊन संचालकाच्या हातात ठेवणं टाळावं, हिशोबाचा पत्ता राहत नाही.

याच खर्चात एखाद्याला वाटेल, मग नाशिकमध्येच करावं. करावंच. इथल्या बालगृहांतली मुलंही दिवाळीत घरी जाऊ शकतात, त्यासाठी बालकल्याण समितीची परवानगी लागते, आणि मिशन वात्सल्य योजनेत कुटुंबात राहणाऱ्या गरजू मुलाला महिना चार हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. ती तरतूद ज्या विधवा आईला ठाऊक नाही तिचा अर्ज भरून देणं, कागदपत्रं गोळा करून जिल्हा बाल संरक्षण कक्षात नेऊन देणं, हे दोन सकाळचं काम आहे. परदेशातल्या नाताळाला जायचं म्हणून हे अडत नाही.

जानेवारी उलटला की संस्थेला पत्र लिहावं. किती मुलं परत आली, किती तिकडेच राहिली, राहिलेल्यांची शाळा कोणती, फी किती, आणि समाजसेवक पुन्हा कधी जाऊन बघणार. आजीकडेच राहिलेल्या मुलाची फी संस्थेत असलेल्या मुलाच्या खर्चाहून बहुधा कमी असते. पुढच्या नाताळाचा हिशोब मांडताना ती रक्कम सर्वांत वर लिहावी, त्याखाली बसभाडं, त्याखाली मावश्यांच्या पाळ्या. आपलं विमानाचं तिकीट सर्वांत खाली.